आधी वायर, मग अल्टरनेटर

आमच्याकडे सकाळी गाडीचा सेल्फ लागला नाही की पहिला दोष बॅटरीवर येतो. चौकातला बॅटरीवाला टर्मिनल काढतो, यंत्र लावतो, मान हलवतो आणि नवी बॅटरी बसवून देतो. पंधरवड्याने तीच गाडी धक्का मारत त्याच चौकात आणावी लागते, आणि तेव्हा कुठे कोणीतरी म्हणते की चार्जिंगच होत नसेल. गेल्या हिवाळ्यात माझ्या जुन्या गाडीने असाच त्रास द्यायला सुरुवात केली तेव्हा मी आधी शोध घ्यायचा आणि मगच खर्च करायचा असे ठरवले. शोधाअंती अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारे आणि बॅटरी भरणारे यंत्र, बदलावा लागला आणि तो आम्ही घरीच बदलला. हे काम घरी सुरक्षितपणे कसे होते, कुठे थांबावे लागते आणि कोणत्या गोष्टींना आमच्या भागात उगाचच धाडस समजले जाते, त्याविषयी हा लेख आहे.

लक्षणे हळूहळू दिसू लागली होती. गळीत हंगामात गंगाखेडहून अंबाजोगाईला रात्री परतताना रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, त्यांतल्या निम्म्यांना मागचा दिवा नसतो, आणि अशा वेळी स्वतःच्या गाडीचा उजेड पिवळा पडत चालला आहे हे ताबडतोब लक्षात येते. इंजिनाचा वेग वाढवला की उजेड थोडा वाढे, गाडी थांबली की पुन्हा मंदावे. मीटरवरचा बॅटरीच्या आकाराचा तांबडा दिवा पूर्ण पेटत नव्हता, पण अंधारात बारकाईने पाहिले तर मिणमिणताना दिसे. हा दिवा किल्ली फिरवल्यावर पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो चालू इंजिनावर पेटणे ही तक्रार सर्वांना कळते, परंतु किल्ली फिरवल्यावर तो मुळीच न पेटणे हीसुद्धा तक्रारच आहे, कारण बऱ्याच जुन्या रचनांमध्ये अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह याच दिव्याच्या वायरीतून मिळतो.

अल्टरनेटर आत काय करतो हे समजून घेतले तर पुढची सगळी काळजी कशासाठी घ्यायची ते आपोआप कळते. परळीच्या औष्णिक केंद्रात अडीचशे मेगावॅटचे जे जनित्र फिरते, त्याची आणि बोनेटखालच्या या पाच-सहा किलोच्या यंत्राची रचना तत्त्वतः एकच आहे. मध्ये फिरणारे विद्युतचुंबक, म्हणजे रोटर, आणि त्याच्या भोवती स्थिर बसलेली तीन फेजची तांब्याची गुंडाळी, म्हणजे स्टेटर. चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत वीज निर्माण होते हे मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिले आणि दोन्ही यंत्रे त्याच नियमावर चालतात. मोटारीला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, कारण बॅटरी दुसऱ्या कोणत्याही विजेने भरत नाही. म्हणून अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला डायोडचा संच असतो, जो उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेची करून बाहेर सोडतो. असे डायोड स्वस्त आणि टिकाऊ होईपर्यंत मोटारींना डायनामो, म्हणजे थेट एका दिशेची वीज देणारे जुने जनित्र, असे. 1960 च्या सुमारास अमेरिकेत क्रायस्लरने अल्टरनेटर रूढ केला, आणि आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसडर गाड्या त्यानंतरही बरीच वर्षे डायनामोवरच धावल्या. डायनामोची अडचण ही की इंजिन सावकाश चालत असताना तो जवळपास काहीच देत नसे. अल्टरनेटरचा फिरता भाग हलका आणि भक्कम असल्यामुळे त्याची पुली लहान ठेवता येते आणि तो इंजिनाच्या दोन ते तीन पट वेगाने फिरवता येतो, त्यामुळे गाडी जागेवर उभी असतानाही बऱ्यापैकी वीज मिळते.

रोटर फिरता असल्यामुळे त्याला वीज पोहोचवण्यासाठी दांड्यावर तांब्याच्या दोन कड्या असतात आणि त्यांच्यावर स्प्रिंगने दाबलेले दोन कार्बन घासत राहतात. या कार्बनमधून जाणारा प्रवाह फार तर तीन ते पाच अँपियर असतो. पण व्होल्टेज रेग्युलेटर हाच छोटा प्रवाह कमी-जास्त करून सत्तर-ऐंशी अँपियरचे उत्पादन ताब्यात ठेवतो. कार्बन झिजून आखूड झाले, कड्यांवर खाच पडली, रेग्युलेटर गेला, डायोड फुटला किंवा बेअरिंग खराब झाले, यांपैकी काहीही झाले तरी बाहेरून दिसणारी तक्रार एकच असते: चार्जिंग होत नाही. मराठवाड्यातला उन्हाळाही या यंत्राच्या मुळावर येतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा बोनेटखालचे तापमान त्याहून कितीतरी जास्त असते, एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा दोन्ही सतत चालू असतात, आणि एखाद्या रेल्वे फाटकावर गाडी उभी असेल तर अल्टरनेटरवर भार सर्वांत जास्त आणि त्याला थंड करणारा वारा सर्वांत कमी, अशी स्थिती होते.

माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, बोअरच्या पाणबुडी मोटारी गुंडाळण्याचे दुकान चालवतात. मोसमात शेतकरी रांगेने मोटारी घेऊन येतात आणि अधूनमधून एखाद्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटरही त्यांच्या बाकावर येतो. मी त्यांना लक्षणे सांगितली आणि नवा अल्टरनेटर कुठे चांगला मिळेल असे विचारले, तर ते म्हणाले, “लगेच मशीन कामून बदलायलास? आधी वायरला विचार, मग मशीनला. जुनी मशीन लई वेळा निर्दोष असते बघ.” त्यांचे हे म्हणणे किती खरे आहे ते मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि रोध मोजणारे छोटे यंत्र, हाती घेतल्यावर कळते, आणि ज्याला हे काम घरी करायचे आहे त्याने पाना घेण्याच्या आधी मल्टिमीटर घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, 12.2 च्या आसपास दिसले तर निम्मी आहे, आणि 12 च्या खाली गेली असेल तर ती रिकामी झाल्यातच जमा आहे. इंजिन सुरू केल्यावर हाच आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान चढायला हवा. माझ्या गाडीत तो 12.9 पर्यंत चढला आणि हेडलाइट व ब्लोअर लावताच 12.2 वर उतरला, म्हणजे गाडी अल्टरनेटरवर चालत नसून बॅटरीतली शिल्लक खात होती. तरीही एवढ्यावरून अल्टरनेटर दोषी ठरत नाही. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर धरली, तर दोन्हींतला फरक 0.2 व्होल्टच्या आसपासच असायला हवा. तो जास्त असेल तर वायर, फ्यूज किंवा एखादा गंजलेला जोड मधल्यामध्ये वीज खातो आहे असे समजावे. तसेच माप अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात घ्यावे, म्हणजे अर्थिंगची परीक्षा होते. आमच्याकडच्या काळ्या मातीच्या पाणंदीतून चार-सहा पावसाळे फिरलेल्या गाडीत इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी अर्थिंगची पट्टी गंजणे इतके सर्रास आहे, की ती न तपासता अल्टरनेटर विकत घेणे मला उधळेपणा वाटतो. शेवटी मल्टिमीटर एसीच्या, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या, खुणेवर ठेवून बॅटरीवरच माप घ्यावे. तिथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर डायोडांपैकी एखादा गेला असण्याचा संशय घ्यावा. असाच एखादा डायोड गळत असेल तर गाडी बंद असतानाही रात्रभर बॅटरी उतरत राहते आणि दोष पुन्हा बॅटरीवरच जातो.

ही सगळी मापे चालू इंजिनावर घ्यायची असल्यामुळे पहिला खरा धोका इथेच आहे, पाना हातात घेण्याच्याही आधी. उन्हाळ्यात गळ्यात दस्ती टाकण्याची सवय आमच्याकडे सर्वांना आहे. बोनेट उघडण्याआधी ती काढून घरात ठेवावी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडाव्यात आणि मल्टिमीटरच्या वायरी बेल्टपासून दूर, वरच्या बाजूने न्याव्यात. फिरता बेल्ट कापडाचे टोक पकडतो तेव्हा हात मागे घ्यायला वेळ उरत नाही.

माझ्या गाडीची वायर आणि अर्थिंग दोन्ही शाबूत निघाली, उलटसुलट विजेचे मापही नगण्य होते, त्यामुळे कार्बन, रेग्युलेटर किंवा रोटर यांपैकी कशात तरी दोष आहे असे ठरले. बेल्ट मात्र ओलसर दिसत होता, आणि तो ओलावा पाण्याचा नव्हता. त्याची आम्ही नोंद घेतली आणि यंत्र उतरवायचे ठरवले.

घरी हे काम करण्याचे कारण लोक समजतात तसे पैशाचे नाही. मल्टिमीटर, गोटी पान्यांचा बरा संच आणि गाडीखाली लावायचे दोन भक्कम स्टँड घेतले की वाचलेली मजुरी त्यातच जाते. खरा फायदा वेळेचा आहे. गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या दारात आणखी गाड्या उभ्या असतात, त्याला संध्याकाळपर्यंत तुमची गाडी बाहेर काढायची असते, म्हणून तो माप घेण्यापेक्षा भाग बदलणे पसंत करतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याचा हिशेबच तसा आहे. घरी मात्र काढलेले यंत्र दोन दिवस बाकावर ठेवून ते कशाने बिघडले हे पाहता येते, आणि घरच्या कामाची सुरक्षितता याच सवडीवर उभी आहे. घाई असेल, उद्या सकाळी लग्नाला निघायचे असेल, तर हे काम घरी करूच नये.

जागा निवडणे हा आमच्या भागात स्वतंत्र विषय आहे. माझ्या गाडीत अल्टरनेटर उजव्या बाजूला खाली दडलेला असल्यामुळे पुढचे उजवे चाक काढून बाजूचे प्लास्टिकचे आवरण उतरवावे लागते, म्हणजे जॅक आलाच. गावाकडच्या घरासमोर प्रशस्त अंगण आहे, पण ते काळ्या मातीचे आहे. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरून टणक दिसली तरी जॅकच्या तळव्याखाली एका बाजूने खचते. शहाबादी फरशीवरही जॅक लावू नये, कारण खाली पोकळ असलेली फरशी एका बिंदूवरच्या भाराने तडकते. आम्ही अंबाजोगाईच्या घराच्या सिमेंटच्या सपाट ओट्यासमोर गाडी घेतली, जॅकखाली जाड फळी ठेवली, मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करून घेतले आणि गाडी उचलल्याबरोबर जॅकवरचा भार स्टँडवर उतरवला. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे, आणि गाडीबरोबर मिळणारा जॅक तर केवळ स्टेपनी बदलण्यापुरताच असतो. काढलेले चाक सांगाड्याखाली आडवे सरकवून ठेवले, म्हणजे स्टँड सरकलाच तरी गाडी माणसाच्या अंगावर येण्याआधी चाकावर टेकेल. त्यानंतर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहिले. ती हलली असती तर काम तिथेच थांबवायचे ठरले होते.

यानंतर बॅटरी. अल्टरनेटरला जाणारी जाड वायर किल्लीवर अवलंबून नसते. ती जाड फ्यूजमधून थेट बॅटरीकडे जाते आणि गाडी बंद असतानाही जिवंत असते. त्या नटावर लावलेला पाना चुकून इंजिनाच्या अंगाला टेकला तर शेकडो अँपियरचा प्रवाह त्या पान्यातून वाहतो, पाना तांबडा होतो, वायरीचे आवरण पेटू शकते, आणि बोटात सोन्याची अंगठी असेल तर ती बोटासकट भाजते. म्हणून बॅटरी सोडवल्याशिवाय अल्टरनेटरला हात लावायचा नाही, आणि सोडवताना ऋण टोक आधी काढायचे. मोटारीचा सगळा सांगाडा ऋण टोकाशी जोडलेला असतो. धन टोक सोडवताना पाना सांगाड्याला लागला तर थेट शॉर्ट होतो, पण ऋण टोक आधीच सुटलेले असेल तर मार्गच पूर्ण होत नाही. ऋण टोक सोडवताना पाना सांगाड्याला लागला तरी काही बिघडत नाही, कारण ती दोन्ही एकाच बाजूची आहेत. जोडताना हाच क्रम उलटा, म्हणजे धन आधी आणि ऋण सर्वांत शेवटी.

आप्पांनी त्या दिवशी आधी स्वतःचे कडे आणि घड्याळ काढून ओट्यावर ठेवले, मग माझ्या अंगठीकडे नुसते पाहिले. ती निघेना, तेव्हा साबण लावून काढायला लावली आणि तोवर बोनेटला हात लावू दिला नाही. दहाच्या पान्याने ऋण टोकाचा नट सैल केला, पकड डावी-उजवी न हलवता सरळ वर उचलली, आणि ती परत टोकाकडे झुकू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तिच्यावर चढवून बाजूला बांधून ठेवली. बॅटरी नुकतीच चार्जरवरून काढलेली असेल तर थोडा वेळ थांबावे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते, आणि फुटलेल्या बॅटरीतले गंधकाम्ल डोळ्यांत गेल्यावर पश्चात्तापाला अर्थ राहत नाही. दीड-दोनशे रुपयांचा चष्मा डोळ्यांवर असू द्यावा. ऋण टोक सुटल्यामुळे आणखी एक गोष्ट साधते: काही गाड्यांत इंजिन तापलेले असले तर किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, तो धोकाही टळतो.

बेल्ट काढण्याआधी तो कोणकोणत्या पुलीवरून, कोणत्या बाजूने गेला आहे याचा मोबाइलवर फोटो काढावा. अनेक घड्यांचा लांब बेल्ट असेल तर त्याला ताण देणारी पुली स्प्रिंगवर असते, ती पान्याने ओढून धरावी लागते आणि पाना निसटला तर बोटे चेचतात, म्हणून हात तिच्या वाटेत ठेवू नये. माझ्या गाडीत साधा ताणबोल्ट होता. जाड वायरीचा नट आणि प्लग काढला, ताणबोल्ट सैल केला, बेल्ट उतरवला आणि मग ज्यावर अल्टरनेटर झुलतो त्या खालच्या लांब बोल्टकडे वळलो. हा बोल्ट गंजलेला असतोच. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवल्यामुळे तो हलला. तसे केले नाही आणि नुसत्या जोरावर ओढला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे उखडतात आणि एक दिवसाचे काम महिन्यावर जाते. बोल्ट निघेपर्यंत दुसऱ्याने यंत्राला खालून आधार द्यावा, नाहीतर ते वायरीला लोंबकळते किंवा तोंडावर येते.

काढलेले यंत्र आम्ही नवे घेण्याआधी आप्पांच्या बाकावर उघडले. मागचे झाकण निघताच आत पावडर नव्हती, काळा चिखल होता. कार्बनची झीज कोरडी असते. तेल मिसळल्याशिवाय तिचा असा लेप होत नाही. एक कार्बन तीन-चार मिलिमीटर उरला होता, दुसरा घराच्या कडेशी चिकटून अडकला होता, आणि आतल्या कडीवर नखाला लागेल एवढी खाच पडली होती. आप्पांनी मल्टिमीटरच्या पिना दोन्ही कड्यांवर ठेवल्या, तेव्हा गुंडाळीचा रोध तीन ओहमच्या आसपास भरला, म्हणजे गुंडाळी तुटलेली नव्हती. मात्र एक पिन कडीवर आणि दुसरी दांड्यावर ठेवल्यावर जिथे काहीच दिसायला नको तिथे आकडा हलू लागला. गुंडाळीचे इन्सुलेशन दांड्याकडे गळत होते. पुली हाताने फिरवली तर बेअरिंग वाळू दळल्यासारखे वाजे. ज्यांचे पोट गुंडाळीवर चालते त्या आप्पांनीच सांगितले की हे गुंडाळण्यात अर्थ नाही, कड्या, बेअरिंग, कार्बन आणि रोटर मिळून नव्याच्या किमतीजवळ जाईल आणि भरवसा मात्र जुन्याचाच राहील.

तेलाचा प्रश्न उरला होता आणि तोच महत्त्वाचा होता. टॉर्च घेऊन इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेने पाहिले तर मागच्या कोपऱ्यातून तेल पाझरून बरोबर अल्टरनेटरच्या जागेवर उतरलेले दिसले. झाकणाखालचे रबरी गॅस्केट उन्हाने दगडासारखे कडक झाले होते. बेल्टचा ओलावाही तोच. नवा अल्टरनेटर त्याच धारेखाली बसवला असता तर वर्ष-दोन वर्षांत त्याचीही हीच गत झाली असती, आणि आम्ही कंपनीच्या मालाला नावे ठेवली असती. म्हणून आधी गॅस्केट बदलले, खालचा भाग पुसून कोरडा केला, बेल्टही नवा घेतला, आणि मग अल्टरनेटर.

नवा अल्टरनेटर घेताना जुना दुकानात बरोबर न्यावा. तो परत देऊन किमतीत सूट मिळते हे एक, पण मुख्य म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. अँपियर जुन्याइतके किंवा किंचित जास्त असावेत, पुलीच्या खाचा तितक्याच असाव्यात, प्लगची घडण तीच असावी, आणि ज्यांतून बोल्ट जातात त्या कानांमधले अंतर जुळावे. अनेक डिझेल गाड्यांत पुली एका दिशेनेच पकडणारी असते. तिच्या जागी साधी पुली आली तर बेल्ट फडफडतो. काही जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर त्यावर चालतो. तिथे तेलाची नळी किंवा व्हॅक्यूमची नळी नीट बसली नाही तर बिघाड दिव्यांत दिसत नाही, ब्रेकच्या पायाखाली दिसतो. अशी गाडी असेल तर बसवल्यावर जागेवरच ब्रेक चार-दोनदा दाबून पाहिल्याशिवाय ती फाटकाबाहेर काढू नये, आणि या कामाचा सराव नसेल तर ते मिस्त्रीकडेच द्यावे.

बसवताना फारसे नवे काही नाही. लांब बोल्ट आधी, पण हातानेच आट्यात बसवून, मग ताणबोल्ट, मग जाड वायर आणि तिच्यावरची रबरी टोपी. जाड वायरीचा नट पक्का बसला पाहिजे, कारण ढिला राहिला तर तो जोड तापून जळतो. पण अति आवळला तर स्टडच फिरतो आणि आतले डायोडचे बिऱ्हाड मोडते. बेल्टला ताण देताना पहार यंत्राच्या मधल्या भागावर टेकवू नये, पुढच्या जाड कानाजवळच टेकवावी. साध्या बेल्टच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण एक सेंटिमीटर खाली जावा. घट्ट बेल्ट बेअरिंग खातो, सैल बेल्ट किंचाळतो. पाने, चिंध्या, टॉर्च सगळे मोजून बाहेर काढले, चाक बसवले, गाडी खाली घेतली आणि मग बॅटरी जोडली. त्याआधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घेतली होती. मेलेली बॅटरी भरण्याचे काम नव्या अल्टरनेटरवर टाकले तर तो पहिल्याच दिवशी पूर्ण भाराने तासन्‌तास तापतो, आणि ते त्याचे काम नव्हे.

इंजिन सुरू केल्यावर तांबडा दिवा विझला, बॅटरीवर 14.3 व्होल्ट आले, आणि हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारी तार हे सगळे लावूनही ते 13.9 च्या खाली गेले नाही. याच वेळी शेजारचे एक काका फाटकातून आत आले आणि त्यांनी नेहमीचा सल्ला दिला की चालू गाडीत बॅटरीचे टर्मिनल काढून बघा, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला. जीप आणि ट्रॅक्टरच्या काळापासून हा प्रयोग आमच्याकडे गाड्यांच्या सर्व स्टँडांवर चालत आला आहे, आणि ज्या डिझेल इंजिनात विजेवर चालणारे काहीच नव्हते तिथे तो बहुधा निभावूनही जात असे. आज तो करणे म्हणजे गाडीचा गळा आपल्या हाताने दाबणे आहे. बॅटरी ही अल्टरनेटरच्या लाटा पोटात घेणारी मोठी टाकी असते. ती अचानक सुटली की रेग्युलेटर सावरायच्या आत व्होल्टेज नेहमीच्या कितीतरी पट उसळतो आणि इंजिनाचा संगणक, मीटर, म्युझिक सिस्टीम, नव्या अल्टरनेटरचे डायोड यांपैकी काय जळेल ते सांगता येत नाही. काकांना मल्टिमीटरचा आकडा दाखवला, पण त्यांची खात्री पटली नसावी.

सगळ्याच गाड्यांना हे काम लागू पडत नाही. 2015 साली सियाझपासून मारुतीने ज्या एसएचव्हीएस, म्हणजे इंजिनाला विजेची थोडी जोड देणाऱ्या, गाड्या आणल्या, त्यांत अल्टरनेटरच्या जागी बसलेले यंत्र बेल्टवरूनच इंजिन सुरूही करते. इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर धावणाऱ्या पूर्ण हायब्रिड गाडीत तर वेगळा अल्टरनेटरच नसतो आणि नारिंगी रंगाच्या वायरींत प्राण घेणारा व्होल्टेज असतो. त्यांच्या वाटेला घरी जाऊ नये. ज्या गाडीत अल्टरनेटर काढण्यासाठी एसीच्या गॅसची नळी सोडावी लागते किंवा इंजिनाचा माउंट उतरवावा लागतो, तीही गॅरेजकडेच न्यावी. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असतो आणि संगणक गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे काही वेळ 12.8 दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही.

नव्या बेल्टचा ताण काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा, कारण साधा बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो. तो आम्ही संक्रांतीच्या सुमारास आवळला. पुढे मे महिन्यात भर दुपारी माझ्या मेहुण्यांचा परभणीहून फोन आला. त्यांनी माझे ऐकून मल्टिमीटर घेतला होता, त्यांच्या गाडीत एसी लावून तासभर चालवल्यावर 13.6 दिसत होते आणि सकाळी मात्र 14.2 होते, तेव्हा अल्टरनेटर जायच्या मार्गावर आहे का, असे त्यांनी काळजीने विचारले. पुष्कळ रेग्युलेटर तापमान वाढले की मुद्दामच व्होल्टेज थोडा कमी करतात, कारण तापलेल्या बॅटरीत तेवढाच व्होल्टेज पुष्कळ होतो आणि जास्त दिला तर तिच्यातले पाणी उडते. त्यांना मी सांगितले की संध्याकाळी इंजिन निवल्यावर, एसी आणि दिवे बंद ठेवून पुन्हा माप घ्या, बॅटरीची टोके साफ करा, आणि तोपर्यंत दुकानदाराला फोन करू नका. संध्याकाळी त्यांचे माप 14.1 आले.